गृहचर्चा : परदेशचें बिऱ्हाड आणि घरचे ससे

परदेशीं निघालेल्या माणसाच्या सामानांत काय काय असावें, याविषयीं आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चर्चा चालत आलेली आहे. मेतकूट, लोणचें, गोडा मसाला, देव्हाऱ्यांतील बाळकृष्ण, आजीनें शिवलेली गोधडी, ही यादी कोणत्याहि घरांत थोड्याफार फरकानें तीच सांपडेल. परंतु अलीकडे या यादींत एक सजीव बाब शिरूं लागली आहे, आणि ती पेटींत भरून कुलूप लावतां येत नाहीं. या महिन्यांत गृहचर्चेकडे दोन पत्रें आलीं. गांवें निरनिराळीं, विषय मात्र एकच. पहिलें पत्र पुण्याच्या एका भगिनीचें आहे. त्यांच्या यजमानांना ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन शहरीं नोकरी मिळाली आहे. घरांत चार वर्षांचे दोन ससे आहेत, आणि नऊ वर्षांच्या चिरंजीवांनीं ‘ससे येणार नसतील तर मीहि येणार नाहीं’ असें निक्षून सांगितलें आहे. सासूबाई म्हणतात, ‘कोंकणांत आपली वाडी आहे, तेथें मोकळे सोडून द्या, सुखानें राहतील.’ दुसरें पत्र नाशिकचें. तें कुटुंब लंडनला जावयाचें आहे. त्यांच्याकडेहि तीन वर्षांच्या सशांची जोडी आहे. ‘कोणी म्हणतात नेतां येतात, कोणी म्हणतात सरकार चार महिने ताब्यांत ठेवतें, खरें काय, आणि आम्हीं करावें काय?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

हीं पत्रें वाचून कांहीं वडीलधारी मंडळी हंसतील. माणसांच्याच परवान्यांची आणि तिकिटांची विवंचना असतां सशांची काळजी कोण करीत बसणार, असें त्यांना वाटेल. परंतु विषय हंसण्यासारखा नाहीं. मुक्या प्राण्याला आपण घरांत आणतों, त्याला आपल्या हातचें खावयास शिकवितों, आणि मग एके दिवशीं तो गैरसोयीचा होतो. त्या वेळीं घरांतील कर्तीं माणसें काय करतात, हें मूल डोळे उघडे ठेवून पाहत असतें. आश्रितासंबंधींचा पहिला धडा मुलाला तेथेंच मिळतो. म्हणून या प्रश्नाचा विचार नीट व क्रमानें करूं या.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण सासूबाईंच्या सूचनेचें उत्तर त्यांतच आहे. मराठींत आपण ससा हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांना लावतों. सिंहाला विहिरींत उडी घ्यावयास लावणारा, चंद्राला शशांक हें नांव मिळवून देणारा, आणि आपल्या माळरानांतून संध्याकाळीं उड्या मारीत जाणारा तो रानससा. तो बीळ करून राहत नाहीं. गवतांतल्या खळग्यांत अंग चोरून बसतो. त्याचीं पिलें जन्मतःच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याला संरक्षण मिळालेलें आहे आणि त्याला घरीं पाळणें हा गुन्हा आहे. दुकानांतून मुलांसाठीं आणला जातो तो पाळीव ससा मात्र मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो बिळांत राहणारा. त्याचीं पिलें केसांवांचून व मिटल्या डोळ्यांनीं जन्मतात. शेंकडों वर्षें माणसाच्या आश्रयानें राहून त्याची घरगुती जात बनलेली आहे. असा ससा कोंकणच्या वाडींत सोडला तर कोठें लपावें, कोणता पाला खावा, कोणापासून पळावें, यांतील कांहींच त्याला उमगत नाहीं. कुत्रीं, बोके, मुंगूस, घार यांना तो आयताच सांपडतो; त्यांच्यापासून वांचला तर उकाडा आणि पाऊस आहेतच. ‘सुखानें राहतील’ हे शब्द ममतेचे आहेत, यांत शंका नाहीं. परंतु त्या ममतेचा शेवट बहुधा दोन-चार दिवसांत होतो, आणि तो पाहावयास आपण तेथें नसतों एवढेंच.

बरें, सोडलेले ससे मेले नाहींत, जगले आणि वाढले, तर काय होतें? याचें उत्तर आमच्या पुण्याच्या भगिनी ज्या देशीं निघाल्या आहेत त्या देशाच्याच इतिहासांत आहे. १७८८ सालीं इंग्रजांचें पहिलें आरमार ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागलें, तेव्हां त्याच्याबरोबर थोडे ससे होते. परंतु ते खुराड्यांतले. खरा अनर्थ १८५९ सालीं झाला. व्हिक्टोरिया वसाहतींत बारवन पार्क नांवाची मोठी जमीनदारी होती. तिचा मालक थॉमस ऑस्टिन याला शिकारीचा षोक. त्यानें इंग्लंडांतील आपल्या भावाकडून ससे मागविले, आणि त्या वर्षींच्या नाताळच्या दिवशीं २४ ससे मेलबर्न बंदरांत उतरले. ऑस्ट्रेलियांतील बहुतेक सर्व रानटी सशांचा वंश याच सशांपासून फैलावला, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें दाखवून दिलें आहे. पन्नास वर्षांच्या आंत त्यांनीं त्या खंडाचा बराच मोठा भाग व्यापला. मेंढ्यांचें गवत त्यांनीं खाल्लें, कोवळ्या झाडांची साल खाल्ली, आणि उघडी पडलेली माती वाऱ्यानें उडून गेली. पश्चिम ऑस्ट्रेलियानें १९०१ पासून १९०७ पर्यंत सशांना अडविण्यासाठीं तारेचीं कुंपणें घातलीं. त्यांतील सर्वांत लांब कुंपण १,८०० किलोमीटरांहून अधिक लांबीचें होतें. पण तें पुरें होण्यापूर्वींच ससे पलीकडे पोंचले होते. १९५० सालीं सरकारनें मिक्सोमाटोसिस या रोगाचे विषाणू मुद्दाम सोडले. पहिल्या तडाख्यांत असंख्य ससे मेले, परंतु जे उरले त्यांच्या वंशांत त्या रोगाला तोंड देण्याची शक्ति आली. पुढें १९९५ सालीं दुसऱ्या एका विषाणूचा प्रयोग वॉर्डँग बेटावर चालला असतां तो विषाणू बेटाबाहेर निसटला. इतकें सारें होऊनहि ससे आजतागायत तेथें आहेतच.

हा इतिहास ध्यानीं घेतला म्हणजे तेथील कायदा जाचक वाटेनासा होतो. ऑस्ट्रेलियांत बाहेरून पाळीव ससा नेतां येतो तो फक्त न्यूझीलंडहून. भारतांतून मुळींच नाहीं. त्यांतहि ब्रिस्बेन हें क्वीन्सलंड राज्याच्या राजधानीचें शहर, आणि त्या राज्यांत घरीं ससा पाळण्यासच बंदी आहे. संशोधनसंस्था, प्राण्यांचीं प्रदर्शनें आणि रंगभूमीवर टोपींतून ससा काढून दाखविणारे जादूगार एवढ्यांनाच परवाना मिळूं शकतो. सामान्य गृहस्थाला ससा बाळगल्याबद्दल जबर दंड होतो. तेव्हां पुण्याच्या पत्राचें उत्तर स्पष्ट आहे: ससे नेतां येणार नाहींत. पैसा, ओळख, वशिला यांपैकीं कशाचाहि येथें उपयोग नाहीं. ‘आम्ही करून देतों’ असें सांगणारा कोणी दलाल भेटलाच तर त्याला उंबऱ्याबाहेरूनच निरोप द्यावा. चिरंजीवांना मात्र ही चोवीस सशांची हकीकत जरूर सांगावी. नऊ वर्षांच्या मुलाला न्याय कळतो. त्याचा राग आईवर न राहतां थॉमस ऑस्टिनवर जाईल, आणि तो तेथें जाणेंच योग्य आहे.

नाशिकच्या कुटुंबाची गोष्ट निराळी आहे. ब्रिटनमध्यें ससा नेण्यास बंदी नाहीं. परंतु भारतासारख्या, पिसाळलेल्या कुत्र्यांचा रोग जेथें अजून आहे अशा, देशांतून येणाऱ्या सशाला तेथें चार महिने क्वारंटीनमध्यें राहावें लागतें. क्वारंटीन हा शब्द आपल्या घरांना नवा नाहीं. १८९७ च्या प्लेगांत तो आपल्या पणजोबांच्या तोंडीं बसला, आणि त्याची आठवण कांहीं गोड नाहीं. सशाच्या क्वारंटीनसाठीं आगाऊ परवाना काढावा लागतो, मान्यता असलेल्या जागीं त्याची व्यवस्था आधीं ठरवून ठेवावी लागते, आणि चारहि महिन्यांचा सर्व खर्च मालकाच्या शिरावर असतो. म्हणजे कोणी म्हणतात नेतां येतात तेंहि खरें, आणि चार महिने ताब्यांत ठेवतात तेंहि खरें.

येथें सर्वच वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. अमक्याच्या भाच्यानें आपला कुत्रा परदेशीं नेला, त्याला कांहीं त्रास पडला नाहीं, असल्या ऐकीव माहितीवर सशाचा प्रवास ठरवूं नये. कुत्रा, मांजर आणि ससा यांचे नियम बहुतेक देशांत वेगवेगळे असतात. युरोपांतील राष्ट्रसंघानें कुत्र्या-मांजरांसाठीं सामाईक नियम केले, परंतु सशांच्या बाबतींत प्रत्येक देशानें काय करावें हें ज्याचें त्याच्यावर सोंपविलें. जपानांत कागदपत्रें यथास्थित असलीं तर सशाला तपासणीसाठीं एकच दिवस अडकवून ठेवतात. एकाच प्राण्याला एका देशांत एक दिवस, दुसऱ्यांत चार महिने, आणि तिसऱ्यांत प्रवेशच नाहीं! म्हणून ज्या देशीं जावयाचें त्या देशाच्या पशुखात्याला स्वतः लिहून लेखी उत्तर मागवावें. वाटेंत विमान बदलावयाचें असेल तर त्या मधल्या देशाचेंहि मागवावें. आपल्याकडून निघतांना प्रथम पशुवैद्याचा दाखला आणि मग केंद्र सरकारच्या पशु-क्वारंटीन खात्याचें प्रमाणपत्र लागतें. त्या खात्याचीं ठाणीं मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, बंगलोर आणि हैदराबाद येथें आहेत. परतीचा विचारहि निघण्यापूर्वींच करावा. बिऱ्हाड घेऊन स्वदेशीं परतणाऱ्यांना पाळीव जनावर सामानाबरोबर आणण्याची जी सवलत आहे, ती कुत्र्यामांजरांच्या नांवें आहे; तींत सशाचें नांव नाहीं.

सरकारें एवढ्याशा प्राण्याची इतकी धास्ती कां घेतात, असें कोणी विचारील. दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. १९५२ सालीं फ्रान्सांत एका वृद्ध व विद्वान डॉक्टरानें आपल्या भिंतींनीं वेढलेल्या जमिनींतील ससे कमी व्हावे म्हणून मिक्सोमाटोसिस झालेले दोन ससे सोडले. भिंतीच्या आंतच तो रोग राहील अशी त्याची समजूत होती. तो रोग भिंत ओलांडून सबंध फ्रान्सभर पसरला, शेजारच्या देशांत गेला, आणि १९५३ सालीं समुद्रापलीकडे इंग्लंडांत प्रकटला. पाळीव आणि रानटी असा भेद त्यानें केला नाहीं. दुसरें उदाहरण १९८४ सालचें. चीनमध्यें जर्मनीहून आणलेल्या लोंकरी सशांमध्यें एक रक्तस्रावी रोग प्रथम दिसून आला. वरून धडधाकट दिसणारा ससा त्यानें एक-दोन दिवसांत मरतो. थोड्याच वर्षांत हा रोग अनेक देशांत पोंचला, आणि २०१० सालीं फ्रान्सांत त्याचा दुसरा प्रकार आढळला. या रोगांवर पाश्चात्य देशांत लस टोंचतात, आणि तेथें जाणाऱ्या सशालाहि ती पोंचल्यावर लवकर टोंचून घ्यावी हें उत्तम. एकाच्या मांडीवरचा लाडका ससा हा दुसऱ्याच्या सशांना रोगाचें वाहन होऊं शकतो, हें जाणलें म्हणजे बंदरावरच्या अधिकाऱ्याचा राग येत नाहीं.

आतां प्रत्यक्ष प्रवासाकडे वळूं. कायद्यानें वाट दिली तरी सशाचें शरीर ती वाट सोसतें कीं नाहीं, हा प्रश्न उरतोच. आणि आमच्या मतें तोच मुख्य प्रश्न आहे. सशाच्या आंतड्याची घडण आपल्याहून किंवा कुत्र्यामांजरांहून अगदीं वेगळी. त्याचें पोट सतत चालतें राहावें लागतें. दिवसभर थोडें थोडें वाळलेलें गवत चघळीत राहणें हा त्याचा केवळ आहार नाहीं, तेंच त्याचें आरोग्य. बारा तास त्यानें कांहीं खाल्लें नाहीं तर वैद्याकडे धांव घेण्याचा प्रसंग समजावा. कारण पोट थांबतें, आंत वायु धरतो, आणि ससा वांती करूं शकत नाहीं. कुत्र्याला प्रवासापूर्वीं उपाशी ठेवतात, तसा सशाला ठेवूं नये. निघेपर्यंत आणि प्रवासांतहि त्याच्यापुढें गवत असलेंच पाहिजे. लोकांना आणखी एक गोष्ट किळसवाणी वाटते, परंतु ती जाणून घेणें बरें: ससा आपल्याच पोटांतून निघालेल्या एका प्रकारच्या मऊ गोळ्या पुन्हां खातो, आणि त्यांतून त्याला जीवनसत्त्वें मिळतात. पेटी इतकी अरुंद नसावी कीं त्याला वांकून तेंहि करतां येऊं नये.

दुसरें भय उष्म्याचें. सशाला घाम येत नाहीं. अंगांतील ऊन बाहेर टाकण्याचें त्याचें मुख्य साधन म्हणजे त्याचे लांब कान. थंडी तो पुष्कळ सोसतो, परंतु हवा २८-३० अंशांच्या पुढें गेली कीं त्याच्या जिवाला धोका संभवतो. आपल्या मुंबईच्या विमानतळावर चैत्र-वैशाखांत दुपारीं काय स्थिति असते हें निराळें सांगावयास नको. तिसरें भय भयाचेंच. ससा हा निसर्गतः दुसऱ्याचें भक्ष्य असलेला प्राणी आहे. अनोळखी गर्जना, कुत्र्यांचा वास, पेटीची आदळआपट यांनीं तो आंतल्या आंत गारठून जातो आणि खाणें सोडतो. अति भीतीनें ससे मेल्याचीहि उदाहरणें आहेत. त्याची हाडें फार हलकीं असतात. मांजराच्या हाडांचें वजन त्याच्या शरीराच्या १२-१३ टक्के असतें, सशाच्या हाडांचें ७-८ टक्केच. चुकीच्या रीतीनें उचललेल्या सशानें मागच्या पायांनीं जोराचा झटका दिला तर त्याचा स्वतःचाच कणा मोडूं शकतो. म्हणून मागचे पाय हातानें आधारून धरल्याशिवाय त्याला कोणीहि उचलूं नये.

बहुतेक विमान-कंपन्या उतारूंच्या दालनांत फार तर कुत्र्यामांजरांना घेतात. सशाला सामानाच्या दालनांतून जावें लागतें. तेथील पेटीसंबंधीं आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचे नियम आहेत, आणि ते वाचल्याशिवाय सुताराला पेटी सांगूं नये. पेटी भक्कम, चोहोंकडून हवा खेळणारी, आणि ससा आंत उभा राहूं व वळूं शकेल अशी असावी. ती महिना-दोन महिने आधीं घरांत आणून उघडी ठेवावी. तींत गवत घालावें, म्हणजे ती त्याला परकी वाटत नाहीं. पाण्याचें भांडें आंतून पक्कें बसवावें, आणि शिवाय पाणीदार ओला पाला ठेवावा. गुंगीचें औषध देऊं नये. त्यानें श्वास मंदावतो, आंतडें मंदावतें, आणि ऊन-थंडीला तोंड देण्याची शक्तिहि कमी होते. मुंबई-लंडन विमानप्रवास नऊ-दहा तासांचा. परंतु आधीं पेटी सोंपविण्यापासून पलीकडे ती हातीं येईपर्यंतचे तास मोजले तर हा काळ दीडपटीहूनहि अधिक होतो. शक्य तों थंडीचे दिवस, रात्रीची वेळ, आणि मध्यें न बदलणारें विमान निवडावें. काळजीनें नेलेला ससा सुखरूप पोंचतो हें खरें. पण एप्रिल २०१७ मध्यें लंडनहून शिकागोला पाठविलेला सायमन नांवाचा, दहा महिन्यांचा आणि सुमारें तीन फूट लांबीचा ससा तेथें पोंचल्यावर मरण पावला, हेंहि खरें. त्याचें शरीर जाळून टाकल्यामुळें मृत्यूचें कारण अखेर निश्चित झालेंच नाहीं.

इतका विचार केल्यावर नाशिकच्या कुटुंबाला आमचा सल्ला असा. वास्तव्य दोन-तीन वर्षांचेंच असेल तर ससे नेऊं नयेत. जातांना प्रवास, मग चार महिन्यांचें क्वारंटीन, आणि परततांना पुन्हां तीच दगदग, एवढें त्यांच्याकडून मागण्याचा आपणांस अधिकार नाहीं. कायमचें राहावयाचें असेल, दोन्ही ससे निकोप असल्याबद्दल पशुवैद्याची खात्री असेल, खर्च झेपत असेल, आणि क्वारंटीनमध्यें जोडी एकत्र ठेवण्याचें लेखी आश्वासन मिळत असेल, तर न्यावेत. जोडी मात्र फोडूं नये. एकमेकांची संवय झालेल्या सशांपैकीं एकटा पडलेला ससा खाणेंपिणें सोडून कोपऱ्यांत बसतो, असा अनुभव पुष्कळांना आहे. ससा सहा-सात वर्षांच्या पुढचा असेल, दांत किंवा पोट वरचेवर बिघडत असेल, तर देश कोणताहि असो, त्याला घरींच ठेवावें. नेणें म्हणजे प्रेम आणि ठेवणें म्हणजे टाकणें, असा हिशेब कोणी मांडूं नये. पुष्कळदां ठेवण्यांतच अधिक प्रेम असतें. मात्र तें ठेवणें नीट झालें पाहिजे.

नीट ठेवणें म्हणजे काय? आपल्या एकत्र कुटुंबांत या प्रश्नाचें उत्तर फार पटकन् दिलें जातें: ‘आजी-आजोबा आहेत ना!’ आमचें येथेंच अडतें. चांगल्या रीतीनें ठेवलेला ससा आठ-दहा वर्षें, क्वचित् बारा वर्षेंहि जगतो. पुण्याच्या पत्रांतील ससे चार वर्षांचे आहेत. म्हणजे अजून पांच-सात वर्षांचा प्रश्न. तोंवर सासूबाईंचें वय काय होईल, गुडघे वांकून रोज पिंजरा झाडणें त्यांना जमेल काय, रात्रीं ससा आजारी पडला तर वैद्याकडे कोण नेईल, याचा हिशेब निघणाऱ्यांनींच मांडला पाहिजे. मुलगा, सून आणि नातू एकदम दूर गेल्यावर रिकाम्या झालेल्या घरांत ससे हा विरंगुळाहि होऊं शकतो. तसेंच न मागतां गळ्यांत पडलेलें ओझेंहि होऊं शकतो. दोहोंतील फरक एका गोष्टीवर अवलंबून आहे: त्यांना कोणीं मोकळेपणानें विचारलें काय, आणि नाहीं म्हणण्याची मुभा ठेवली काय? वाडींत सोडून देण्याची सूचना करणाऱ्या सासूबाईंच्या मनांत कदाचित् हेंच असेल कीं हें काम आपल्याच्यानें होणार नाहीं. सरळ तसें म्हणावयाचा संकोच वाटला असेल. तेव्हां प्रथम त्यांच्यापाशीं बसून बोलावें. त्यांना जमणारें नसेल तर धाकटे दीर, नणंद, मामा, शेजारचें एखादें जाणतें घर, असा शोध करावा; आणि हा शोध निघण्यापूर्वीं चार-सहा महिने सुरूं व्हावा, आठवडाभर आधीं नव्हे.

ज्यांच्याकडे ससे द्यावयाचे त्यांना देण्यापूर्वीं नर-मादीची शस्त्रक्रिया करून द्यावी. गर्भ अवघ्या एक महिन्याचा असतो, आणि एका खेपेस चारपासून दहा-बारापर्यंत पिलें होऊं शकतात. उपकार म्हणून ठेवून घेणाऱ्याच्या घरीं वर्षभरांत खुराडें उभें राहावें हें बरें नव्हे. ससे एकदम नेऊन न ठेवतां आधीं दोन-चार दिवस नेऊन पाहावे. सोबत त्यांचा पिंजरा, ओळखीचें अंथरूण आणि रोजच्या क्रमाचें टिपण द्यावें. त्या टिपणांत मोठ्या अक्षरांत लिहावें कीं मुख्य अन्न म्हणजे वाळलेलें गवत. त्याखेरीज रोज थोडा धुतलेला पाला, म्हणजे कोथिंबीर किंवा मुळ्याचा पाला. आणि पोळी, भात, बिस्किट, साखर मुळींच नाहीं. आपल्या घरांत माया दाखविण्याची रीत म्हणजे ताटांतला घांस काढून देणें. परंतु सशाच्या पोटाला तो घांस विषासारखा होऊं शकतो. चित्रांत ससा नेहमीं गाजर खातांना दाखवितात, पण गाजरहि गोडच. तें सणावारीं तुकडाभर पुरे. सशाचे दांत जन्मभर वाढतात आणि गवत चावण्यानेंच झिजतात. गवत कमी पडलें कीं दांत वाढून त्याला खातां येईनासें होतें. पशुवैद्याचें नांव-पत्ता आणि त्याच्या खर्चाची तजवीज, हीं दोन्हीं निघणाऱ्यांनीं करून ठेवावीं. दरमहा थोडी रक्कम गवत-औषधासाठीं पाठविणें हें औदार्य नव्हे, तें कर्तव्य आहे.

राहतां राहिला मुलांचा प्रश्न. मुलांशीं या बाबतींत खोटें बोलूं नये. ‘ससे मागाहून विमानानें येणार आहेत’ किंवा ‘ते जंगलांत आपल्या आईकडे गेले’ असल्या थापा क्षणभर रडें थांबवितात, परंतु मूल मोठें झाल्यावर थाप उघडी पडते, आणि त्या दिवसापासून तें आईबापांच्या दुसऱ्या शब्दांकडेहि संशयानें पाहूं लागतें. ससे येऊं शकत नाहींत, कां येऊं शकत नाहींत, आणि ते कोणाकडे राहणार, हें तीन वाक्यांत सांगावें. नवें घर निवडतांना मुलाला बरोबर न्यावें. रोजच्या क्रमाचें टिपण त्याच्याच हातानें लिहून घ्यावें. सशाला उचलावें कसें, कोणत्या कानामागें खाजविलेलें त्याला आवडतें, हें नव्या घरच्या माणसांना त्यानेंच शिकवावें. निरोप आपल्या हातानें दिला म्हणजे दुःख होतें, परंतु तें दुःख स्वच्छ असतें. अपराधाची बोच त्यांत राहत नाहीं. मूल रडलें तर रडूं द्यावें. ज्या घरांत सशासाठीं रडण्याची लाज वाटूं दिली जात नाहीं, त्या घरांतलीं मुलें पुढें माणसांसाठींहि कठोर होत नाहींत.

शेवटीं ज्यांच्या घरीं अजून ससे आलेले नाहींत त्यांच्यासाठीं दोन शब्द. आजकाल आपल्या कुटुंबांतून परदेशगमनाचे योग पुष्कळ येतात, आणि ते आगाऊ सूचना देऊन येत नाहींत. मुलाच्या वाढदिवसाला, त्याच्या हट्टाखातर, दुकानांतून सशांची जोडी घेणें दहा मिनिटांचें काम आहे. तिचा सांभाळ हें दहा वर्षांचें. पुढील चार-पांच वर्षांत आपलें बिऱ्हाड कोठें असेल याचा भरंवसा नसेल, तर तो हट्ट पुरविला नाहीं तरी चालेल. त्याऐवजीं ज्यांच्या घरीं ससे आहेत आणि ज्यांना लौकर निघावयाचें आहे, अशा एखाद्या कुटुंबाची अडचण आपल्या स्थिर घरानें दूर करावी. पुण्या-नाशिकच्या आमच्या वाचकांत असें एखादें घर खचित असेल. त्या घरच्या मंडळींनीं आम्हांला जरूर लिहावें; पत्र योग्य ठिकाणीं पोंचविण्याचें काम आम्ही आनंदानें करूं.